उघड्या गाडीची पावती

बत्तीस वर्षं मी एस.टी.च्या नांदेड-लातूर फेरीवर कंडक्टर, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'मास्तर', होतो. पण तेवढ्या वर्षांत जितके किस्से जमले नाहीत, तितके रिटायर झाल्यावर आमच्या नांदेडच्या कॉलनीतल्या एका गल्लीत जमले. गल्लीत घरं चौदा, गाड्या अकरा आणि त्यातल्या आठ पांढऱ्या! किस्सा घडायला एवढं सामान पुरतं. बायको म्हणते, "कुठंतरी लिहून ठिवा, न्हाईतर रोज मलाच सांगून राहिलात." म्हणून लिहून ठेवतो.

*

सुरुवात कदम सरांच्या गाडीपासून झाली. सर कॉलेजात शिकवतात आणि गाडी लॉक करायला हमखास विसरतात. एका सकाळी पाहतात तर मागच्या सीटवरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा गायब! बाकी सगळं जागच्या जागी. गठ्ठा कापडात बांधलेला होता, चोराला साड्या वाटल्या असतील.

सर घाबरले, पण कॉलेजात बोलले नाहीत. "कोन किती पाण्यात हाय ते मला ठाऊक हाय," म्हणाले आणि बसल्या बैठकीला सगळ्या वर्गाला अंदाजे मार्क देऊन टाकले. निकाल लागला. एकाचीही तक्रार नाही.

आठव्या दिवशी एक पालक घरी आले. म्हणाले, "सर, आमची पोरगी पेपरच्या दिवशी लातूरला लग्नात होती. तिला चौदा मार्क कशे पडले?"

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "कामून, कमी वाटायलेत का?"

*

ही गोष्ट कॉलनीच्या सेक्रेटरी गुट्टे साहेबांच्या कानावर गेली. साहेब रिटायर्ड इंजिनिअर. आयुष्य कालव्यांवर गेलं, त्यामुळे कुठं काही गळलेलं त्यांना चालत नाही. अंगणातल्या कुंड्यासुद्धा दोरी लावून मांडलेल्या. त्यांनी रविवारी गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर मीटिंग बोलावली आणि ठराव वाचला : गल्लीत ज्याची गाडी उघडी सापडेल, त्याला पन्नास रुपये दंड.

बिरादार तिथल्या तिथं उसळले. बिरादारांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि आवाजही त्याच दुकानातला. "गाडी आमची, चोरी आमची, आन् दंडबी आमालाच? चोराला लावा की!"

"चोर मीटिंगला येत नाही," गुट्टे साहेब म्हणाले.

"माझा भाचा ऑस्ट्रेलियात हाय. तिकडं म्हणं गाडी उघडी सोडली तर पोलीसच दंड लावतेत. असं येडं गाव हाय ते!"

साहेबांनी वहीत लिहून घेतलं : श्री. बिरादार यांनी परदेशातील दाखला देऊन ठरावास पाठिंबा दिला.

राहिला प्रश्न, रोज सकाळी हँडल ओढून पाहायचं कुणी आणि पावती फाडायची कुणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. रिटायर झाल्यापासून कुणाला काही फाडून दिलं नव्हतं.

मीटिंग उठता उठता महालिंगप्पांनी हात वर केला. अप्पांचं उदगीरला किराण्याचं दुकान होतं. पंच्याहत्तरीला आले तसं दुकान विकून नांदेडला मुलाकडे राहायला आले. एरवी मीटिंगला येतात, भस्माचा पट्टा ओढून शांत बसतात आणि प्रसाद घेऊन जातात. त्या दिवशी बोलले.

"आमची गाडी उघडीच ऱ्हाईल."

का, ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. अप्पांच्या घरच्या म्हणजे आमच्या आक्का. दोन-तीन वर्षांपासून आक्कांना काही आठवत नाही. मुलाचं नाव आठवत नाही, जेवल्याचं आठवत नाही. एक मात्र पक्कं आठवतं, की आपल्याला माहेरी उदगीरला जायचंय. मग काठाची साडी नेसायची, पिशवी घ्यायची आणि लिंबाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीत मागं जाऊन बसायचं. अप्पा काचा खाली करून ठेवतात. आक्का अर्धा तास बसतात, मग उतरतात, "लई दमले बाई," म्हणतात आणि घरात जाऊन चहा ठेवतात. जाऊन आलेल्या असतात त्या! कधी चार वाजता जातात, कधी सकाळी दहाला. किल्ली देऊन पाहिली, ती चार महिन्यांनी तांदळाच्या डब्यात सापडली. एकदा मुलाने सवयीने गाडी लॉक केली, तर भर उन्हात हँडल ओढत उभ्या राहिल्या. त्यानंतर दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही.

बिरादार म्हणाले, "अप्पाला सूट देऊन टाका."

"एकाला सूट दिली की नियम राहत नाही," साहेब म्हणाले.

"सूट कोन मागायलंय?" अप्पा उठत म्हणाले. "ती मायेरी जाते. कुनाच्या मेहेरबानीवर जात न्हाई. दंड घ्या."

*

पहिल्या सकाळी सहाला मी पावतीबुक घेऊन निघालो. पहिलं हँडल ओढलं आणि गाडी कोकलायला लागली. तिच्यावरून दुसरी लागली. तिसरीपर्यंत गेलो तेव्हा सगळी गल्ली बनियनवर बाहेर! साहेब तेवढे कडक इस्त्रीत होते. "व्यवस्था काम करतेय," म्हणाले.

उघडी सापडली ती एकच, लिंबाखालची. अप्पा पन्नासची नोट घेऊन फाटकाशी उभेच होते. मी पावती फाडून दिली आणि पंचवीस परत केले.

"हे कामून?"

"आत बाई बसती ना? बायांना अर्धं तिकीट."

अप्पांनी पावती निरखली. "सगळ्याच बायांना हाय का?"

"सगळ्याच."

"मग चालतंय," म्हणाले आणि पावती खिशात ठेवली.

साहेबांनी दुपारी मला बोलावून विचारलं, "दंडात सवलत कुठून आली?" म्हटलं, साहेब, कंडक्टरची सवय, हात आपोआप चालतो. साहेबांनी वही पुढं ओढली. मग त्यांनी लिहिलं : महिलांना सवलत लागू. हे काही मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

*

दुसऱ्या आठवड्यात एक परकी गाडी सापडली. दारं उघडी, काचा खाली. नियमाप्रमाणे आत डोकं घातलं आणि मला ज्या शिंका सुरू झाल्या, त्या थांबेनात. मागं पोत्यांत मिरची! मालक धर्माबादचे व्यापारी, कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात आले होते. गाल सुजलेला घेऊन बाहेर आले.

मी शिंकत शिंकत नियम सांगितला. ते म्हणाले, "मास्तर, ह्या गाडीला लॉक कशाला पायजे? चोराचं सोडा, तुमी दोन मिनटं बसून दाखवा. दुप्पट दंड देतो."

मी बसलो नाही. पण त्यांनीच आपण होऊन पन्नास काढून दिले, वर पावती मागून घेतली. म्हणाले, "मंगळवारी परत दाढ काढायला यायचंय. तवा हीच चालंल का?"

*

बिरादारांचा नियमाला विरोध होता, त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी लातूरला पाहुण्यांत लग्न होतं. मंगल कार्यालयाबाहेर पांढऱ्या गाड्यांची रांग. जेवण झाल्यावर बिरादारांच्या मावशींना गुंगी आली, म्हणून त्यांनी मावशींना गाडीत नेऊन झोपवलं आणि आपण पान खायला गेले. परत येतात तर त्यांच्या गाडीत मावशी नाहीत. पाच मिनिटांनी लक्षात आलं, की मावशींना ठेवलं ती पांढरी गाडी दुसऱ्याचीच होती, आणि त्या जागी आता गाडीच नाही!

मावशी औशाला पोचल्या होत्या. गाडीवाल्यांना वाटलं, वऱ्हाडातलीच कोणी म्हातारी आहे, उठली की सांगेल. मावशी उठल्या त्या थेट त्यांच्या ओसरीवर. चहा झाला, पोहे झाले, गावं निघाली, नाती निघाली. बिरादार धापा टाकत पोचले तेव्हा मावशींनी बिरादारांच्या पोरीचं लग्न तिथल्या थोरल्याशी जवळजवळ ठरवून ठेवलं होतं.

"अगं मावशे, वळख ना पाळख!" बिरादार म्हणाले.

"गाडीला कुलूप घालीत न्हाईत," मावशी म्हणाल्या. "घर चांगलं हाय."

लग्न झालं. पोरगी सुखात आहे.

*

दीड-दोन महिन्यांत नियम अंगवळणी पडला. अप्पांची सोडून दहाच्या दहा गाड्या बंद. साहेब खूश, मी त्याहून खूश. एके दिवशी अप्पांचा मुलगा कामासाठी गाडी घेऊन लातूरला गेला. अप्पांना जरा कणकण होती, जेवून पडले ते गाढ झोपले.

मी ओसरीत चहा पीत होतो. बाहेर एक गाडी कोकलली, मग दुसरी, मग तिसरी. मी बायकोला म्हटलं, "बघ, आता लोक आपआपलं तपासून राहिले." आणि दुसरा कप मागितला. हे मी म्हटलं होतं, म्हणून लिहितोय.

अप्पांची हाक ऐकून सगळे बाहेर आलो तेव्हा आक्का गल्लीत नव्हत्या. लिंबाखाली गाडी नाही म्हणून आक्कांनी गल्लीतल्या एकेका गाडीचं हँडल ओढून पाहिलं होतं. एकही उघडली नव्हती. गुट्टे साहेबांच्या गाडीच्या हँडलला आक्कांच्या पिशवीचा तुटलेला बंद लटकत होता. तो साहेबांनीच सोडवून हातात घेतला.

सगळे चारी दिशांना पांगले. मला रस्ता एकच सुचला, माझ्या जुन्या फेरीचा. लोह्याच्या रस्त्यावर बसथांब्याच्या कट्ट्यावर आक्का बसल्या होत्या, पाय धुळीने भरलेले.

"मास्तर, उदगीर कवा हाय?"

"लागतेच आता," म्हटलं आणि शेजारी बसलो. मला माझी लाज वाटत होती. आयुष्यभर दार उघडून लोकांना आत घेतलं आणि म्हातारपणी दारं बंद आहेत की नाही ते पाहत फिरलो.

साहेब गाडी घेऊन आले. परतताना आक्का बाहेर पाहत "नडी, नडी," म्हणत होत्या. माहेरच्या कानडीत म्हणजे चल, चल.

*

दुसऱ्या सकाळी मी पावतीबुक घेऊन निघालो. कदम सरांची गाडी उघडी. म्हटलं, ते विसरलेच असतील. पुढं बिरादारांची उघडी. "रिमोटच सापडून नाही राहिला," बिरादार म्हणाले. रिमोट त्यांच्या हातात होता. पुढची उघडी, त्याच्या पुढचीही उघडी. शेवटी साहेबांची. दारं उघडी, काचा अर्ध्या खाली, मागच्या सीटवर एक उशी. साहेब फाटकाशी पन्नासची नोट घेऊन उभे.

"फाडा," म्हणाले. "नियम आहे."

मी अकरा पावत्या फाडल्या. एकानेही हुज्जत घातली नाही.

चार वाजता आक्का बाहेर आल्या. त्यांची गाडी लातूरहून येऊन लिंबाखालीच उभी होती, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ साहेबांच्या गाडीत जाऊन बसल्या. साहेब घरातून निघाले, भांग चापून-चोपून, आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. नुसते बसले. किल्ली फिरवायचा काही विचार दिसेना.

थोड्या वेळानं आक्का मला म्हणाल्या, "मास्तर, गाडी कामून थांबली?"

मी मागचं दार लावलं आणि हात आपोआप चालला. टपावर दोनदा थाप मारली. दोन ठोके पडले की गाडी सोडायची, हे साहेबांना कोणी शिकवलं होतं, ठाऊक नाही. पण त्यांनी सोडली!

आवाज ऐकून अप्पा एका पायात चप्पल घालून धावत आले. तोवर गाडी गल्लीच्या बाहेर. आम्ही दोघं बघत उभे. गणपतीच्या देवळाला वळसा घालून, पाण्याच्या टाकीकडून दहा मिनिटांनी गाडी परत आली ती अप्पांच्या फाटकाशीच थांबली. मी पुढं होऊन दार उघडलं.

"उदगीर! उदगीर उतरा!"

आक्का सावकाश उतरल्या. पिशवी सावरली, साडी झटकली, घराकडे पाहिलं आणि मग फाटकात एकाच चपलेवर उभ्या असलेल्या अप्पांकडे त्यांचं लक्ष गेलं. एकदम पदर डोक्यावर ओढला. मला हळूच म्हणाल्या, "आत सांगा बरं, जावई आलेत म्हणून." मग खाली पाहतच अप्पांना विचारलं, "तुमी कवा आलात?"

अप्पांनी पायातली एकुलती चप्पल काढून बाजूला ठेवली.

"हे काय," म्हणाले, "आत्ताच."