मनगटापर्यंतच्या बाह्या

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी शिवणकाम शिकवते, घरी ब्लाउजही शिवून देते. जुने फोटो बघून त्या काळची पोलकी पुन्हा शिवायची, हा माझा छंद. मागे त्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या मावशींनी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोटो आणून दिला.

फोटोत विशीतली एक देखणी बाई होती. बंद गळा, गळ्याला लेस आणि थेट मनगटापर्यंत बाह्या, टोकाला बारीक चुण्या घातलेल्या. फोटोत कळत नव्हतं, पण रंग मोरपंखी होता, असं मावशी म्हणाल्या. लग्नानंतर बहीण पहिल्यांदा उमरीला माहेरी आली ती हेच पोलकं घालून. बघता बघता गल्लीतल्या पोरींनी शिंप्याकडून तशाच बाह्या शिवून घेतल्या. मावशींनीही हट्टानं घेतल्या. सांगताना त्या हसत होत्या.

त्या चुण्यांनी मला दमवलं. पण प्रदर्शनात पोलकं पुतळ्यावर चढलं आणि मुली त्याच्यापुढून हलेनात.

दुपारी मावशी आल्या. पुढं होऊन त्यांनी पुतळ्याची डावी बाही कोपरापर्यंत सारली आणि त्या गुळगुळीत हातावरून बोट फिरवलं, काही शोधत असल्यासारखं.

मी जवळ गेले. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "इथं डाग होते, बाई. चटक्याचे. सासू उलथनं लावायची. त्याच माहेरच्या खेपेला तापानं गेली ती. शेवटची आंघोळ घालताना आम्हाला दिसलं."

तसल्याच बाह्या घालून आपण तिच्यापुढं मिरवत होतो, आणि ती हसून बघायची, हेही त्यांनी सांगितलं.

पोलकं काढून ठेवू का, मी विचारलं.

"न्हाई, राहू द्या. कुणी कौतुकानं बघितलेलं तिला लई आवडायचं."

त्यांनी बाही मनगटापर्यंत ओढली, चुण्या सारख्या केल्या आणि निघून गेल्या.

आता कुणी लांब बाह्या सांगितल्या, की टेप लावायच्या आधी माझी नजर तिच्या हातांवरून फिरते. देगलूरच्या एका नवरीनं एकदा विचारलं, "काय बघायलात, मॅडम?"

काही नाही, म्हटलं, हात सरळ ठेव.