खांबावरचा तांब्याचा साप

शेषशायी नारायणाला वंदन करून, माझ्या शेजारच्या ख्रिस्ती मित्राच्या पहिल्या स्मृतिदिनी त्यांच्या चर्चमध्ये जे पाहिले, ते लिहितो.

नंदुरबारच्या एकाच शाळेत मी संस्कृत शिकवत असे, तो गणित. दर नाताळात माझ्यासाठी अंडे न घातलेला केक तो वेगळ्या डब्यातून आणी. निवृत्तीनंतर कोरीट गावच्या शेतात केळीला पाणी धरताना त्याला साप चावला, आणि दवाखाना गाठण्यापूर्वीच तो गेला.

वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, चर्चला त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी दिली. चित्र कसले, हे त्यांनी मुलालाही सांगितले नव्हते. कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ असेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

खिडकीवरचा पडदा सरला. निळ्या काचेत उंच खांब, आणि त्याला वेटोळे घालून बसलेला तांबूस साप. खाली माझ्या मित्राचे नाव! माझे डोळे आपोआप मिटले.

मुलगा ओरडला, "माय, ज्यानी बापले मारं, त्यालेच तू देवना घरमा बसाडं? काढ ते! नही तं मीच फोडी टाकस!" त्याने पडद्याची काठी उचललीही होती.

वहिनी खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "तुन्हा बाप हाईच कथा वाचे. जंगलमा लोकेसले साप चावनात, तवय देवनी तांबाना साप कराले लावं, खांबवर टांगाले लावं. ज्यानी वर दखं, तो वाचना." मग आवाज खाली आला. "वरीस व्हयनं, मन्ही नजर जमीनवरथून उठत नही. दोरी दखी तरी जीव जास. मले वर दखानं शे, बेटा."

क्रुसावर चढवलेल्या प्रभूची पूर्वखूण म्हणून ती मंडळी या सर्पाकडे पाहतात, हे मला नंतर समजले.

वहिनींचे लक्ष माझ्याकडे गेले. "गुरुजी, तुम्ही तं नागले पूजतस. तुम्ही बी डोया मिटी लिनात?"

जन्मभर शेषाची स्तोत्रे म्हटली, आणि काचेतल्या सापाने मला असे हलवावे!

तेवढ्यात ऊन सरकले. काचेचा तांबूस रंग फरशीवरून वहिनींच्या अनवाणी पावलांवर आला. त्या दचकल्या, पाऊल मागे घेतले, मुलाचा दंड घट्ट धरला. काठी त्याच्या हातून खाली पडली. हळूहळू त्यांनी मान वर केली, आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"मन्हाकडथून दखावस नही, माय," मुलगा पुटपुटला. तरी त्याने दंड सोडवून घेतला नाही.

शेवटी मीही पाहिले. भीती गेली नव्हती. पण नजर वर होती.

वाचकहो, तुमच्या अंगणात आणि शेतात पाऊल निर्भय पडो, घरातील प्रत्येकाला धरायला कोणाचा तरी दंड असो, आणि तो नारायण तुम्हा सर्वांचे रक्षण करो.