अण्णांच्या कागदांत सुनील नव्हता

"डिमेन्शिया आहे," लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी अण्णांच्या एमआरआयची फिल्म खाली ठेवत सांगितलं. डिमेन्शिया म्हणजे आठवण आणि समज हळूहळू संपत जाणं. गोळ्यांनी वेग थोडा कमी होतो, आजार जात नाही. मग माझ्याकडं बघून ते म्हणाले, "सह्या-बिह्या राहिल्या असतील तर आत्ताच उरका."

मला काळजी पडली. खरं सांगते, अण्णांसाठी नाही. सुनीलसाठी.

सुनील माझा धाकटा भाऊ. वय चौतीस, समज पाच वर्षांच्या लेकराची. मला देगलूरला दिलेलं. आई गेल्यापासून शिरूर अनंतपाळच्या घरात तो आणि आमचे वडील, अण्णा, दोघंच. अण्णा निवृत्त शिक्षक. त्यांच्या माघारी अशा मुलाला जन्मभर पेन्शन मिळू शकते, पण कागदांत मुलगा असायला पाहिजे ना! तिथं सुनील नव्हताच.

अण्णा विसरले नव्हते. मुद्दाम लिहिलं नव्हतं. अण्णा रिटायर झाले तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि फॉर्म घेणारा बाबू आमच्याच भावकीतला. "घरात वेडसर पोरगं हाय म्हणलं की सोयरीक मोडती," आई म्हणायची. पाहुणे आले की सुनीलला शेजारी नेऊन बसवायचं काम माझं. मी नेलंय. एकदाही नाही म्हणाले नाही.

मग पळापळ. सरकारी दवाखान्यात त्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तीन खेपा. आयक्यू टेस्ट, म्हणजे बुद्धीची तपासणी. ठोकळे मांड म्हटलं तर यानं ते तपासणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये भरले! मला हसूही आलं आणि रडूही. तिथंच कळलं, असं मूल अठराचं झालं की आईबापसुद्धा कायद्यानं त्याचे पालक राहत नाहीत. कलेक्टर कचेरीतल्या समितीकडं अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. सोळा वर्षं आम्ही आपले निवांत. अर्ज केला, पालक म्हणून माझं नाव दिलं.

राहिलं पेन्शनच्या कागदांत सुनीलचं नाव घालण्यासाठी अण्णांचं निवेदन. सकाळी त्यांना जरा बरं समजतं, म्हणून तसा डॉक्टरांचा दाखला घेऊन आम्ही तिघं पेन्शनची कचेरी उघडताच गेलो. साहेबांनी विचारलं, "गुरुजी, लेकरं किती?"

"एक. एकच मुलगी."

सुनील त्यांचा हात धरून शेजारीच बसला होता.

"अण्णा, नीट सांगा."

"एकच हाय. विचारा कुणालाबी."

आई गेलेली विसरलेला माणूस, ही थाप मात्र तोंडपाठ! मला त्यांचा लई राग आला, आणि लगेच माझाच. साहेब म्हणाले, "बाई, हे असं म्हणून राहिले तर मला काही लिहून घेता येणार नाही."

मी अण्णांच्या कानाशी गेले. "अण्णा, माझं लग्न झालं. चांगलं झालं. आता सांगितलं तरी चालतंय."

त्यांनी माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं बघितलं. दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "हाय की. हा काय, सुनील. माझंच लेकरू."

साहेबांनी लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं, अण्णांनी सही केली. त्या साहेबांचे उपकार मी विसरणार नाही.

मंजुरी अजून यायची आहे. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर आजच त्याचं नाव कागदांत घाला. सोयरीक मोडली तर मोडू द्या.

परवा अण्णांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "सुनीलची बहीण."