दोऱ्यानं मोजलेलं माहेर

माझी जाऊ माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान होती, आणि ती थोरली होती. तिचा नवरा मोठा, माझा धाकटा, एवढंच त्याचं कारण. त्यामुळे सणावारी मी तिच्या पाया पडायचे, आधी ती न्हायची मग मी, आणि लोणच्याच्या बरणीत हात घालायचा तर तिला विचारून. मी मराठी चौथी पास होते. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण घरात पहिलं कोण नि दुसरं कोण हे आम्ही दोघी यायच्या आधीच ठरून गेलेलं होतं.

ते मी कसंबसं गिळलं. गिळता आली नाही ती आखाजी.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, महिनाभर कुणी कुणाची सून नसते. जावेचा भाऊ दरवर्षी सणाच्या चार दिवस आधी गाडी घेऊन दारात हजर. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वेशीपासून यायचा आणि मी मागच्या दारी भांडी घासायला जाऊन बसायचे. माझा भाऊ चार वर्षांत एकदा आला होता. माझं माहेर प्रकाशा गावचं, म्हणजे तापीच्या पलीकडचं, आणि सासर कोरीटचं. कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "हिनं माहेर नदीपल्याड शे, दूर शे." आयाबाया चुकचुकायच्या. जावेच्या माहेराला मात्र सगळे 'हे इथंच' म्हणायचे. मीही तसंच मानत होते. आपलं माहेर लांब आहे, म्हणून भाऊ येत नाही. तिचं जवळ आहे, म्हणून येतो. त्यात तिचं कौतुक ते काय?

एका वर्षी होळी झाल्यावर जेठ, म्हणजे जावेचा नवरा, बांधाच्या कामासाठी जिल्ह्याचा नकाशा घेऊन आले. तो कणगीवर ठेवलेला मी पाहिला. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी गोधडीचा दोरा घेतला आणि नकाशा जमिनीवर पसरला. शाळेत आम्हाला मास्तरांनी हे शिकवलं होतं, वाट जशी वळते तसा दोरा वळवायचा. मला तिला दाखवून द्यायचं होतं की तुझा भाऊ अंगणातून ओट्यावर आल्यासारखा येतो.

आधी तिचं माहेर मोजलं. कोपऱ्यातलं गाव सापडायला वेळ लागला. तिथं दोऱ्याला गाठ मारली. मग प्रकाशा मोजलं, नदीसकट. दोरा गाठीच्या निम्म्यावरसुद्धा पोचला नाही. मला वाटलं चुकलं. पुन्हा मोजलं, यावेळी दोरा मुद्दाम सैल सोडून. तरी तेच.

तेवढ्यात जाऊ पाण्याची घागर घेऊन आत आली. "काय करी ऱ्हायनी वं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, दोघींची माहेरं मोजतेय.

"मंग? कोनं दूर निंघनं?"

"मन्हं," मी माझंच सांगितलं.

तिनं घागर उतरवली. "तरीच. बिचारा भाऊ कसा येई इतला दूर," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात खरीखुरी कणव होती. तिनं माझं खोटं पकडलं असतं, त्यापेक्षा ती कणव जास्त झोंबली.

त्या आखाजीला तिचा भाऊ आला, तेव्हा तिनं सासूबाईंना विचारून, मला न सांगताच ठरवून टाकलं होतं. गाडी आधी प्रकाशाला जाईल, मला सोडेल, मग ती तिच्या माहेरी जाईल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं माहेरसुद्धा मला हिच्या भावानं द्यायचं. पण नाही म्हणण्याइतकी मी मानी नव्हते. गाठोडं बांधलं आणि गाडीत बसले.

पहाटे निघालो. नदीला बैलांच्या गुडघ्याएवढं पाणी होतं. ऊन तापायच्या आत आम्ही पलीकडच्या काठावर होतो आणि देवळांचे कळस समोर. "इतलंच?" जावेचा भाऊ म्हणाला. "मी ते समजनू, दुपार व्हई जाई." जावेनं माझ्याकडे पाहिलं. मी गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

माझा भाऊ ओट्यावर दोर वळत बसला होता. मला पाहून तो गडबडून उठला. "इतल्या दूरतून कशी उनी वं तू?" तो सोंग करत नव्हता. वहिनीलाही त्यानं तसंच हाक मारून सांगितलं, दूरहून आलीय, आधी पाणी दे. मी विचारलं, तू का येत नाहीस? त्यानं नदीच्या दिशेनं हात केला. "मधमा नदी शे ना, बाई." दारातच जावेच्या भावाचे बैल उभे होते, पाय अजून ओले. भावानं त्यांना पेंढी घातली, पण पायांकडे त्याची नजर गेली नाही.

जाऊ पाणी पिऊन लगेच निघाली. तिला आता सगळं उलटं जायचं होतं. तिच्या आखाजीचा एक अख्खा दिवस माझ्यापायी गेला, हे मला ती परत आल्यावर कळलं.

पुढं थंडीत आम्ही दोघी मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. हातांची आग होत होती. मी न राहवून नदी ओलांडली त्या दिवसाचं विचारलं, "तुमले तवय कळनं ना?"

"बैलेस्ले कळनं, ते माले कळाव नही का?"

"मंग बोलनात का नही?"

"तुले दूर वाटे," ती मिरच्यांवरून मान वर न करता म्हणाली. "मी कसाले जवळ करू?"

त्या उत्तराचाही मला हेवाच वाटला. मला ते सुचलं नसतं.

पुढच्या आखाजीला माझा भाऊ गाडी घेऊन आला. वहिनीनं पाठवलं असावं, त्या दिवशी ती बैलांचे ओले पाय बघून हसली होती. त्या वर्षी जावेच्या भावाला ताप होता, तिची गाडी आलीच नाही. सासूबाईंनी मला जायला सांगितलं. तिला आमच्याबरोबर चला म्हणावं, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं नाही. गाडी हलली तशी मी मागं वळून पाहिलं. ती दारात उभी राहून आम्हाला बघते आहे ना, एवढंच मला बघायचं होतं.