बिनगोळीचा माणूस

मिस्टरांची दारू सोडवायचीच, हे मी ठरवलं ते धाकट्या लेकीला गाडीवर घेऊन ते नाल्यात पडले त्या दिवशी. तिच्या हनुवटीला टाके पडले. रडणं, शपथा, माहेरच्या माणसांची बैठक हे सगळं त्याआधी करून झालं होतं. एक उपाय संपला की पुढचा शोधायचा, असा माझा स्वभाव.

बीडला एका डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, एक गोळी आहे. ती पोटात असताना दारू घेतली की माणसाला सोसवत नाही. "पण त्यांना घेऊन या. न सांगता देता येत नाही. जिवाला धोका आहे, आणि ते बरोबरही नाही."

"सर, ते येत नाहीत म्हणून तर मी आलेय."

त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही. गोळी मी दुसरीकडून मिळवली.

नेकनूरला आमच्या घरी सकाळी शिळ्या भाकरीचा दह्यात काला होतो. तो मीच कुस्करते. गोळीची पूड त्यात कालवली की चव कळत नाही.

मिस्टरांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. त्याच आठवड्यात ते दुकानातून पिऊन आले, ते लालबुंद होऊन. उलट्या, छातीत धडधड. मी उशाशी बसून होते. माणूस गेला तर मीच मारला, एवढंच डोक्यात. पुढे आणखी एकदा तसंच झालं. मग तेच म्हणाले, "मला मानवत न्हाई आता ती. सोडली."

खरंच सोडली. काल्यातली पूड मी तरीही रोज चालू ठेवली. नंतरची वर्षं आमच्या संसारातली सगळ्यात चांगली. धाकटीच्या पालकसभेला ते स्वतःहून जाऊ लागले. दर रविवारी विहारात वंदना झाली की लोक त्यांना बोलायला उभं करत. "औषध न्हाई, बाबा न्हाई, बुवा न्हाई. मन घट्ट केलं, बस!" टाळ्या पडत. बायकांत बसून मीही वाजवत असे.

एका रविवारी त्यांनी शेजारच्या गवंड्याला सगळ्यांदेखत उभं केलं. "तुला काहून जमत न्हाई रे? माणूस हायेस का बाटलीचं बूच?" सगळे हसले. गवंडीही हसला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको नळावर मला म्हणाली, "वहिनी, तुमाला मनाचा पक्का गडी भेटला. आमचा लई कच्चा हाय."

गोळीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. मी हंडा उचलून निघाले. गवंडी अजून पितो.

पुढे मिस्टरांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. चप्पल निसटली तरी कळेना. पुन्हा बीड, यावेळी वेगळे डॉक्टर.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"एकबी न्हाई, साहेब. दारू सोडली तीबी बिनगोळीची."

डॉक्टर तपासण्या लिहू लागले. मी गप्प राहिले असते तर हे पाय गेले असते. मी काल्यातल्या गोळीचं सांगितलं, मिस्टरांसमोरच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुंग्या त्या गोळीनंच आल्यात, ती आजच बंद करा, पायांचं किती भरून येईल सांगता येत नाही, म्हणाले. तल्लफ कमी करणारी दुसरी लिहून दिली. "ही मात्र तुमच्या मर्जीनं घ्या," असं मिस्टरांकडे बघून सांगितलं.

परतीच्या बसमध्ये पाली गाव मागे पडलं. मग ते खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "विहारात टाळ्या वाजवत होतीस तू."

"हो."

"कुणासाठी?"

  चूक केली असं मला आजही म्हणवत नाही. लेकीला पुन्हा तसं गाडीवरून पडू द्यायला हवं होतं का?

त्यांनी विहारात जाणं सोडलं. नवी गोळी पहिले काही दिवस तशीच फळीवर पडून राहिली. ते पीत नव्हते, पण दुकानातून येताना रोज माझ्याकडे असे बघत, की आता हिनं तोंडाचा वास घ्यावा. मी घेत नसे. त्याचाही त्यांना राग येई.

शेवटी मीच म्हणाले, "ती नवी गोळी नकाच घेऊ. इतकी वर्षं झाली. लागायचीही नाही कदाचित. बघू तरी."

"काय बघायचं?" ते म्हणाले. "बिनगोळीचा राहिलो अन न्हाई प्यालो, तर तू इतकी वर्षं मला उगाच चारलंस. अन प्यालो, तर आजवरचा मी खोटा. कोणतं बघायचंय तुला?"

त्यांनी पाकीट फोडलं आणि गोळी तळहातावर घेतली. मला त्यांना थांबवता आलं असतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.