शंभराची लाइन

आमच्या मुलीचं ऑफिस पुण्यात, पण ती काम करायची भिलाईतून, वैशाली नगरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून. साथीच्या दिवसांत लॅपटॉप घेऊन आली आणि राहिली. त्याआधी हे स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते, सेक्टर सहाचं क्वार्टर सुटलं होतं आणि या नव्या घरात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत गप्प बसायचो. मुलगी आली आणि जेवताना बोलणं सुरू झालं. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण घरात आवाज आला.

एक दिवस तिने सांगितलं की मोबाइलच्या नेटवर मीटिंग तुटते, साहेब कुरकुर करतो. "असंच राहिलं त मले पुण्याले जा लागन, आई." त्या दिवसापासून मी नेटच्या मागे लागले. मला नेटचं सोयरसुतक नव्हतं. मला मुलगी घरात हवी होती.

शंभराची लाइन घेतली. शंभर म्हणजे काय हे ना मला ठाऊक होतं, ना ह्यांना. लाइन बसली त्या दिवशी ह्यांनी मुलीला एक मोठी फाइल उतरवायला सांगितली आणि चष्मा लावून पडद्याजवळ बसले. तिथे आकडा होता बारा.

"शंभर सांगून बारा देऊन राहिले," हे म्हणाले. "सरळ सरळ चोरी हाय."

मुलीने समजावलं. कंपनी बिटमध्ये मोजते, कॉम्प्युटर बाइटमध्ये दाखवतो, आणि आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागलं की बाराच्या वर थोडंसं येतं. म्हणजे बरोबर आहे.

"मंग टनाचा माल किलोत कावून सांगतेत?"

"आकडा मोठा दिसते न, बाबा."

जन्मभर प्लेट मिलमध्ये टनांत बोललेल्या माणसाला ही लबाडी मुळीच आवडली नाही. दोन दिवस जो भेटेल त्याला ते आठाचा भागाकार शिकवत होते. दूधवालाही सुटला नाही.

मग ह्यांना त्या डब्याची, म्हणजे राउटरची, काळजी लागली. आमच्या गावात काळजी लागली की माणूस वेल्डरकडे जातो. कूलरचा स्टँड लोखंडाचा, मीटरची पेटी लोखंडाची, तुळशीच्या कुंडीखालची तिवई लोखंडाची. धूळ बसते, उंदीर वायर कुरतडतात, म्हणून ह्यांनी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून राउटरसाठी पेटी करवून आणली. पत्र्याची नव्हे, जाड पोलादी प्लेटची. वरून चंदेरी रंग, दाराला कुलूप, किल्ली देव्हाऱ्यात. बैठकीच्या भिंतीत ती ठोकली तेव्हा दोन माणसांना घाम फुटला. हे मागे सरून बघत राहिले. रिटायर झाल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते, म्हणून मीही छान आहे म्हटलं.

मागच्या खोलीत मात्र नेट येईना. बैठकीत कसंबसं, स्वयंपाकघरात थोडं आणि मुलीच्या टेबलावर नुसतं गोल फिरणारं चक्र. बंद दारामागून तिचं "हॅलो, मेरी आवाज़ आ रही है?" ऐकू यायचं. आज साहेबाने बोलावलं तर?

मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावायचे. आधी गाणं, मग आमचा कॉल किती महत्त्वाचा आहे ते, मग पुन्हा गाणं. शेवटी एखादी मुलगी यायची आणि सांगायची, राउटर बंद करून चालू करा. ती तरी बिचारी काय करणार, तिलाही कागदावर लिहून दिलेलं असणार. गुडघा धरून मी उठायचे, पेटीबाहेरच्या बटणावरून बंद करायचे, चालू करायचे. आठवडेच्या आठवडे असे गेले. आयुष्यात मी नळाची, गॅसची, पेन्शनची वाट पाहिली आहे, पण इतकी दमले नव्हते.

कंपनीचा माणूसही येऊन जायचा. हे किल्ली आणून पेटी उघडून द्यायचे. तो मोबाइल हातात धरून घरभर फिरायचा आणि म्हणायचा, "आंटी, फुल आ रहा है." खरंच यायचं. त्याला चहा देऊन आम्ही वाटेला लावायचो, हे पेटीला कुलूप घालायचे आणि मागच्या खोलीतलं चक्र पुन्हा फिरायला लागायचं. यात कोणालाच काही दिसलं नाही. इंजिनियर मुलीलाही नाही.

एका सकाळी हे बँकेत गेले होते. बैठक पुसता पुसता मला वाटलं, पेटीही आतून पुसून घ्यावी. दार उघडून फडकं फिरवते तोच आतून मुलगी ओरडली, "आई, काय केलं तू? नेट चालून राहिलं!"

मी दार लावलं. "गेलं," ती म्हणाली. उघडलं. "आलं."

काखेत कळसा अन् गावाला वळसा, म्हणतात तो असा. मी तिथेच खाली बसले. कंपनीला शिव्या घातल्या, साहेबाला घातल्या, आणि खोट होती आमच्याच भिंतीवर, चंदेरी रंगात. आता हे ह्यांना सांगणार कोण? मुलगी म्हणाली, तूच सांग.

हे आले, पाणी प्यायले. मी म्हटलं, "अहो, पेटी उघडी ठेवली का नेट चालते."

"प्लेटची हाय ते. मजबूत."

"म्हणूनच त."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. शेजाऱ्याकडून ग्राइंडर मागून आणला, बिजागऱ्या कापल्या आणि पेटीच भिंतीवरून उतरवली. राउटर उघड्या खुंटीवर टांगला. घामाने बनियन ओलं झालं होतं. "आता जात नाही ते कुठी," म्हणाले. राउटरबद्दल नव्हतं ते, हे मला कळलं.

दुपारी मुलीची मीटिंग होती. हे मागच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसले, मी शेजारी मेथी निवडत होते. आज हॅलो नाही, काही नाही. शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. तिचाही आणि साहेबाचाही.

"नेट ठीक हो गया है," साहेब म्हणाला, "तो फिर आप घर से ही कीजिए न. हमें कोई दिक्कत नहीं."

"नहीं सर," आमची मुलगी म्हणाली. "नेट का तो बस घर पे बहाना किया था. मुझे पुणे ही आना है. पहली तारीख से."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेथीकडे. मला तिचा राग आला नाही. तरुण पोर, दोन म्हाताऱ्यांच्या घरात किती दिवस बसणार? पण एवढं सरळ मला सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का, असं वाटून फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने ती दार उघडून बाहेर आली. चेहरा मोकळा होता. "बाबा, आज एकदम फुल स्पीड."

"बरं झालं," हे म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "तिकीट लवकर निघन मंग."

ती दारातच थांबली. मग खाली माझ्याजवळ बसली आणि मान वर न करता मेथी निवडू लागली.