लाटेतून जहाज ओळखणाऱ्या बाई

बाई आलेखाचा कागद कधी हातात धरून वाचत नसत. तो टेबलावर सपाट पसरायचा, चष्मा काढून ठेवायचा आणि गाल टेबलाला टेकवून कागदाच्या कडेने आरपार पाहायचं, ही त्यांची रीत. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंना बरं वाटत नसावं. एकदा तर कोणीतरी पाणी घेऊन धावलं होतं. बाई तशाच पडल्या पडल्या म्हणाल्या, "ठेव तिथी. उभी लाट कोणती अन् उभी वस्तू कोणती, ते असंच दिसते."

आमच्या प्रयोगशाळेत नौदलासाठी मध्यम पल्ल्याचं जहाजभेदी क्षेपणास्त्र तयार होत होतं. ते पाण्यापासून जेमतेम दोन पुरुष उंचीवरून जातं आणि शेवटच्या टप्प्यात नाकातल्या रडारने स्वतःच जहाज शोधतं. त्या रडारला आम्ही 'डोळा' म्हणायचो, आणि डोळा बाईंकडे होता. समुद्र मोठा लबाड. प्रत्येक लाट रडारला खोटी हाक देते. त्या हजारो हाकांमधून एक खरी निवडायची, हे बाईंचं बारा वर्षांचं काम.

बाई धानोऱ्याच्या. घर जंगलाला लागून, वडील मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करणारे, थोडी धानाची शेती. गडचिरोलीच्या वसतिगृहात राहून शिकल्या आणि पुढे शिकतच गेल्या. मी ऊर्जानगरचा, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून 'मले' निघालं आणि बाईंनी मान वर केली. "कुठचा रे तू?" मी सांगितलं. त्या दिवसापासून माझं नाव ऊर्जानगर पडलं. देशभरची माणसं त्या इमारतीत होती, पण मोकळेपणाने आमच्या झाडीबोलीत बोलायला त्यांना मी आणि मला त्या. मी त्यांना 'बाई' म्हणायचो. ते ऐकून तमिळ, बंगाली सगळेच 'बाई' म्हणू लागले. पुष्कळांना ते त्यांचं नावच वाटे.

पहिल्यांदा चाचणीसाठी किनाऱ्यावर गेलो तेव्हा बाईंनी आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. त्याच्या लाटांची गणितं त्या सहा वर्षं करत होत्या. वाळूत चपला हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मी विचारलं, "कसा वाटला?" म्हणाल्या, "हे तर हालूनच राह्यलं रे. कागदावर एवढं हालत नाई."

ती चाचणी फसली. क्षेपणास्त्र जहाजाच्या अलीकडेच पाण्यात पडलं. चौकशीत एक जोडणी सैल निघाली. डोळ्याचा काही संबंध नव्हता. बाई सुटल्या होत्या. तरी त्यांनी आपली नोंद पुन्हा काढली, टेबलाला गाल लावून चार दिवस पाहिली आणि बैठकीत उभं राहून सांगितलं की जोडणी नीट असती तरी चाललं नसतं. शेवटच्या क्षणांत डोळा जहाज सोडून बाजूच्या एका मच्छीमार होडीएवढ्या खुणेकडे वळला होता. ती होडी नव्हती, लाटच होती. "पण होडी असती तर?" त्या म्हणाल्या. काम दोन वर्षं लांबलं. पुष्कळ लोक नाराज झाले.

एवढा आग्रह कशासाठी, हे मला त्यांचे वडील आले तेव्हा कळलं. म्हातारबा आठ दिवस लेकीकडे राहिले. लेक जाते कुठे ते पाहायचं म्हणून एक दिवस फाटकापर्यंत आले. आत सोडणं शक्य नव्हतं. बाहेरच्या बाकावर ते दुपारपर्यंत बसले आणि जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन बाहेर गेल्या. मीही होतो.

"तू इथी का बनवून राह्यली, ते सांगू नको म्हणतेस तर नको सांगू," म्हातारबा म्हणाले. "पण ते माराले हाये का राखाले, एवढं तं सांग."

बाईंचा घास हातातच राहिला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. म्हणाल्या, "दोन्हीसाठी, बाबा."

म्हातारबांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्याले. मग म्हणाले, "मंग नीट बनव. भलत्याले लागू नको देऊ."

 त्यानंतर कोणी घाई केली, की बाई शांतपणे म्हणत, "भलत्याले लागंल." ज्यांना मराठी येत नव्हती त्यांनाही ते दोन शब्द पाठ झाले होते.

दुसरी मोठी चाचणी ठरली, तिच्या आधी म्हातारबांच्या छातीचं दुखणं वाढलं. बाई चार दिवस धानोऱ्याला जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. "त्यानंच पाठवलं," म्हणाल्या. "म्हणे, जाय तू, मी हावो इथीच."

चाचणीच्या तळावर मोबाईल फाटकावर जमा करावे लागतात. आतल्या कचेरीत एकच फोन, आणि तो सांभाळायची जबाबदारी माझी. चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला बाईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "बाबा पहाटे गेले. ताईले सांगा. आमी उद्या दुपारपर्यंत माती देत नाई. थांबतो तिच्यासाठी."

मी हिशेब केला. त्या घटकेला गाडी निघाली असती तर बाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत धानोऱ्याला पोचल्या असत्या.

मी आधी प्रकल्पप्रमुखांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. खुर्चीत बसले, कपाळावर हात ठेवला. नौदलाची जहाजं समुद्रात जागेवर उभी होती, हवा एवढ्या एकाच दिवसापुरती चांगली होती आणि डोळ्याची शेवटची मांडणी बाईंशिवाय कोणाला येत नव्हती. "उद्या दुपारी मी स्वतः सांगेन," ते म्हणाले. "गेलेला माणूस तर परत येत नाही. एक दिवस गप्प राहा."

मी गप्प राहिलो. आज्ञा होती म्हणून राहिलो, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. खरं म्हणजे मलाही चाचणी व्हायला हवी होती. माझीही आठ वर्षं त्यात होती.

संध्याकाळी चार वाजता बाई चहाला माझ्याजवळ येऊन बसल्या. दिवसभर मांडणी करून बोटं काळी झाली होती. "का रे ऊर्जानगर, घरून फोन आल्ता का?"

"नाई," मी म्हणालो.

"मंग बरं असंल," म्हणाल्या, आणि त्यांनी बशीतलं एक बिस्कीट माझ्याकडे सरकवलं. मी ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अकराला क्षेपणास्त्र सुटलं. पाण्याला लगटून गेलं, मध्ये मुद्दाम ठेवलेल्या फसव्या खुणेला ओलांडून गेलं आणि लक्ष्य म्हणून उभ्या केलेल्या जुन्या जहाजाच्या बरोबर मध्यावर लागलं. खोलीत टाळ्या, मिठ्या, कोणी रडत होतं. बाईंनी आधी नोंदीचा कागद काढून टेबलावर पसरला, गाल टेकवून पाहिला आणि मग हसल्या. मला म्हणाल्या, "बाबाले काई सांगता येत नाई. पण माह्या आवाजावरून समजते त्याले."

प्रकल्पप्रमुख त्यांना बाजूला घेऊन गेले. मी दारातून पाहत होतो. त्यांनी हात जोडून सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, "कधी?" आणि ते माझ्याकडे पाहू लागले.

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "फोन कोणी घेतला?"

"मी."

"आपण चहा प्यालो, त्याच्या आधी?"

"हो."

त्या रागावतील, निदान ओरडतील, असं मला वाटलं होतं. बाईंनी चष्मा लावला, पदराने बोटं पुसली आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी गाडीची व्यवस्था करता का?"

मला आधी कळलंच नाही, कानाला काय टोचलं ते. 'तुम्ही' म्हणाल्या होत्या.

भावाने लोकांना दुपार उलटली तरी थांबायला लावलं होतं, पार दिवस मावळेपर्यंत. बाई पोचल्या तेव्हा मातीवर दगड रचून झाले होते. हे मला त्यांच्या भावाने सांगितलं. बाईंनी नाही.

पंधरा दिवसांनी त्या कामावर परतल्या आणि आणखी दोन वर्षं राहिल्या. माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. माझ्या बढतीसाठी चांगला शेरा लिहिला. कामात चूक झाली तर समजावून सांगितली. पण सगळं पुस्तकी मराठीत, आडनावाने हाक मारून, 'आपण', 'कृपया'. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "बाई, मले हे जमून नाई राह्यलं."  त्या म्हणाल्या, "मला दाखवा, बघू या." मी पुन्हा तसा प्रयत्न केला नाही. मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्या धानोऱ्याला गेल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला.

गेल्या वर्षी त्याच तळावर, त्याच फोनवर, आमच्या एका जोडारी तंत्रज्ञाची आई गेल्याचा निरोप आला. उलटी मोजणी सुरू होणार होती. मी कोणाला विचारलं नाही. आत गेलो, त्याच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, सांगितलं आणि गाडीत बसवून दिलं. चाचणी नऊ दिवस पुढे गेली. मला ताकीद मिळाली.

त्या संध्याकाळी फाटकाबाहेर येऊन मी बाईंना फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"बोला," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. आपण हे कशासाठी सांगतो आहोत, ते मला नीट ठाऊक नव्हतं.  मग त्या म्हणाल्या, "बरं केलंत."

"बाई, त्या दिवशी मी..."

"तुमच्या आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"जाऊन भेटून या."

तेवढ्यात अंगणातून त्यांना कोणीतरी हाक मारली. बाईंनी फोन कानापासून दूर केला असावा. "थांब न बाप्पा, येऊन राह्यली," त्या तिकडे म्हणाल्या. आवाज मोकळा होता, पूर्वीसारखा. माझ्याशी त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बंद करायचं विसरल्या असतील. अंगणात त्या कोणाशी तरी बोलत होत्या आणि मी फाटकाशी उभा राहून, फोन आपोआप बंद होईपर्यंत ऐकत राहिलो.